हाताची विद्या आणि चित्रफीत

कांहीं विद्या ग्रंथांत सांठविल्या जातात आणि कांहीं विद्या माणसाच्या हातांत राहतात. व्याकरण, गणित, इतिहास हीं पहिल्या प्रकारचीं उदाहरणें. सोनारकाम, सुतारकाम, वाद्यें बनविण्याची कला हीं दुसऱ्या प्रकारचीं. मिरजेचा तंबोऱ्याचा कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून जवारी काढतो, तेव्हां आपण किती घासतों आणि नेमके कोठें थांबतों, हें शब्दांनीं सांगणें त्यालाहि साधत नाहीं. शिष्यानें शेजारीं बसावें, गुरूच्या हाताकडे पाहावें, तारेकडे कान द्यावा आणि मग स्वतःच्या हातानें चार घोड्या बिघडवाव्या, हाच त्या विद्येचा पाठ होय. परंतु असल्या विद्येला एक मोठी मर्यादा असते. जेथवर गुरूचा ओटा तेथवरच ती पोंचते. आणि गुरूच्या मागें शिष्य नसेल, तर ती त्याच्याबरोबरच संपते.

विजेचीं लहानसहान उपकरणें जुळविणें, संगणकाच्या पोटांत काय चालतें तें समजून घेणें, संगणकावर ध्वनि मुद्रित करून त्यावर संस्कार करणें, हीं कामें आधुनिक खरीं. परंतु शिकण्याची रीत पाहिली तर तीं तंबोऱ्याच्याच कुळांतलीं आहेत. त्यांचें शास्त्र पुस्तकांत आहे. त्यांचें कसब मात्र हातांत, डोळ्यांत आणि कानांत आहे. गेल्या सुमारें २० वर्षांत हें कसब आंतरजालावरील चित्रफितींच्या द्वारें जगभर देतां घेतां येऊं लागलें आहे, आणि तें देणारे पुष्कळसे लोक पेशानें शिक्षक नसून केवळ हौशी आहेत. ही मंडळी काय दाखवितात, आणि पाहणाऱ्यानें त्यापासून खरोखर कांहीं मिळवावयाचें तर काय केलें पाहिजे, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं अवश्य करावा. कारण आज घरोघर मुलें असल्या चित्रफिती पाहत बसलेलीं दिसतात. आणि हें पाहणें अभ्यासांत जमा धरावें कीं करमणुकींत, हा प्रश्न वडील माणसांपुढें नित्य उभा राहतो.

हौशी माणसानें आपलें ज्ञान मोकळ्या हातानें वांटावें, ही चाल चित्रफितीपेक्षां पुष्कळ जुनी आहे. बिनतारी संदेशांच्या आरंभकाळापासून हौशी प्रेषक आपल्या यंत्रांचे आराखडे एकमेकांस कळवीत आले. घरगुती संगणकाचा जन्महि याच वृत्तींतून झाला. १९७५ च्या जानेवारींत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाचें चित्र आलें. सुट्या भागांची पेटी मागवावी आणि संगणक घरीं जुळवावा, अशी ती योजना होती. त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका सभासदाच्या मोटारखान्यांत ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी मंडळाची पहिली सभा भरली. स्टीव्ह वॉझ्निॲक यानें ‘ॲपल’ या नांवाच्या पहिल्या संगणकाचे आराखडे याच मंडळांत सभासदांना फुकट वांटले होते.

नभोवाणीनेंहि या कामीं एक विलक्षण प्रयोग केलेला आहे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हॉलंडमधील ‘एन. ओ. एस.’ या प्रक्षेपणसंस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ या सदरांत संगणकाच्या आज्ञावली चक्क ध्वनिरूपानें ऐकविल्या जात. संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोन अंकांची. शून्यासाठीं सेकंदास १,२०० कंपनांचा सूर आणि एकासाठीं २,४०० कंपनांचा सूर, अशी खूण ठरलेली असे. माणसाच्या कानाला ती नुसती किरकिर वाटे. परंतु ती कॅसेटवर मुद्रित करून घरच्या संगणकाला ऐकविली, कीं त्या किरकिरींतून सबंध आज्ञावली उतरे. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांची बोली निरनिराळी असे. म्हणून सर्वांना कळेल अशी ‘बेसिकोड’ नांवाची एक समाईक बोलीहि या हौशी लोकांनीं ठरविली होती.

मासिक, मंडळ आणि नभोवाणी या तिन्ही साधनांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्यांत एक उणीव होती. मासिकांतून आराखडा जाई, नभोवाणीवरून आज्ञावली जाई. हात मात्र जात नसे. मंडळांत हात दिसे, पण मंडळ ज्या गांवीं भरे त्या गांवच्या लोकांनाच. २३ एप्रिल २००५ रोजीं ‘यूट्यूब’ या स्थळावर पहिली चित्रफीत चढली. ती अवघी १९ सेकंदांची आणि प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तींसमोर उभ्या असलेल्या एका तरुणाची होती. तींत शिकण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु कोणींहि फीत चढवावी व कोठेंहि ती पाहावी, ही सोय तेथून सुरू झाली, आणि हौशी मंडळींनीं तिचा उपयोग लवकरच ओळखला. ऑस्ट्रेलियांतील डेव्ह जोन्स या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यानें २००९ पासून मापनयंत्रें उघडून त्यांच्या आंतील रचना समजावून देणाऱ्या फितींची जी मालिका चालविली, ती या वर्गांतील जुन्या व प्रसिद्ध मालिकांपैकीं एक आहे.

चित्रफितीनें नेमकें काय साधतें, हें एका लहानशा क्रियेवरून कळेल. विजेच्या उपकरणांतील सांधे कथील व शिसें यांच्या डाखानें जोडतात. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसें असा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. पुस्तकांतला नियम असा कीं, डाख तापवूं नये, सांधा तापवावा, आणि सांध्याच्या उष्णतेनें डाख वितळूं द्यावा. नियम एका वाक्याचा आहे, तो पाठहि होतो. आणि तो पाठ करून बसलेल्या माणसाचा पहिला सांधा बहुधा कच्चा निघतो. याचें कारण असें कीं, त्या क्रियेंत एक क्षण आहे. डाख आधीं गोळीसारखा वर बसून राहतो. मग एकाएकीं पसरतो आणि पाणी फडक्यांत शिरावें तसा तारेच्या भोंवतीं शिरतो. तो क्षण आला कीं डाखाची तार काढून घ्यावयाची, मग कावीळ न लागतां... नव्हे, मग सांधा हलूं न देतां तापलेलें टोंक उचलावयाचें. हा क्षण शब्दांत सांगितला तरी डोळ्याला ओळखूं येत नाहीं. भिंगांतून मोठा करून दाखविलेल्या फितींत तो एकदां पाहिला कीं कायमचा ओळखूं येतो. चांगला हौशी शिक्षक एवढ्यावर थांबत नाहीं. तो शेजारीं मुद्दाम एक कच्चा सांधा करतो; त्याचा मंद, खरबरीत पृष्ठभाग दाखवितो; आणि बिनशिशाच्या डाखाचा पक्का सांधाहि शिशाच्या डाखाइतका चकाकत नाहीं, तेव्हां केवळ चकाकीवरून परीक्षा करूं नये, हेंहि बजावतो.

दुसरें उदाहरण संगणकाचें. आजचा संगणक एका सेकंदांत अब्जावधि पायऱ्या चढतो. त्यामुळें त्याच्या पोटांतील एकहि पायरी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि सुशिक्षित माणसालाहि तें यंत्र जादूची पेटी वाटूं लागतें. अमेरिकेंतील बेन ईटर या गृहस्थानें २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या फितींत एक अगदीं लहान संगणक ब्रेडबोर्डावर, म्हणजे तारा खोंचण्याच्या भोंकांच्या पाट्यांवर, आरंभापासून शेवटपर्यंत बांधून दाखविला आहे. त्याची मूळ कल्पना आल्बर्ट पॉल माल्व्हिनो यांच्या पाठ्यपुस्तकांतली. या संगणकाची स्मृति अवघ्या १६ स्थानांची आहे. परंतु त्याच्या प्रत्येक भागावर बारीक दिवे बसविलेले आहेत आणि त्याचें घड्याळ हवें तेव्हां थांबवितां येतें. एक कळ दाबली कीं संगणक एकच पायरी पुढें जातो. एका ठिकाणचा अंक समाईक वाटेवर येतो, तेथून बेरजेच्या भागांत शिरतो आणि बेरीज होऊन बाहेर पडतो. हें सर्व दिव्यांच्या उघडझांपीवरून डोळ्यांदेखत कळतें. पुस्तकांतील आकृति स्थिर असते, आणि संगणक तर गतिमान. ती गति माणसाच्या विचाराइतकी मंद करून दाखविणें, हें चित्रफितीचेंच काम.

तिसरें उदाहरण कानाचें आहे, आणि तें थोडें विस्तारानें पाहण्याजोगें आहे. १९९१ सालीं फिनलंडमध्यें हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ या संगणकप्रणालीस आरंभ केला. तिचा मूळ मजकूर कोणालाहि वाचतां येतो, बदलतां येतो आणि दुसऱ्यास देतां येतो. या प्रणालीवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या हौशी लोकांचा एक लहानसा पण चिकाटीचा वर्ग आहे. विकत घेतलेल्या यंत्राबरोबर दुकानदाराची मदत मिळते. येथें बहुधा दुकानदारच नाहीं. म्हणून एका हौशी माणसानें दुसऱ्याला शिकवावें, याखेरीज या वर्गाला गत्यंतर नसतें.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. मायक्रोफोन त्याचें विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि संगणकाला जोडलेलें ध्वनियंत्र त्या चढउतारांचीं ठराविक अंतरानें मापें घेऊन तीं अंकांत लिहितें. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २०,००० पर्यंतचीं कंपनें ऐकूं येतात; आणि कंपन अंकांत बरोबर पकडावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक मापें घ्यावीं लागतात. म्हणून ध्वनिमुद्रणांत सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० मापें घेण्याचा प्रघात आहे. परंतु संगणक हा एकाच वेळीं पन्नास कामें सांभाळणारा कारकून आहे; प्रत्येक माप आल्याबरोबर उचलण्यास त्याला सवड नसते. यास्तव कांहीं मापें एकत्र सांचूं देतात आणि तीं सर्व एकदम उचलतात.

हा प्रकार विहिरीवरील रहाटगाडग्यासारखा आहे. गाडगीं मोठीं असलीं तर रहाट सावकाश फिरला तरी पाटाची धार तुटत नाहीं; मात्र खालचें पाणी वर येण्यास वेळ लागतो. गाडगीं लहान केलीं तर पाणी झटपट वर येतें. पण बैल क्षणभर थबकला कीं धार तुटते. ध्वनीची धार तुटली म्हणजे कानाला ‘कट्’ असा आवाज ऐकूं येतो. लिनक्सवाले या तुटीला ‘एक्सरन’ म्हणतात.

आतां याचा हिशेब पाहावा. सेकंदास ४८,००० मापें येत असतां एका गाडग्यांत १,०२४ मापें मावत असलीं, तर तें भरण्यास सेकंदाचे २१.३ सहस्रांश लागतात. २५६ मावत असलीं तर ५.३, आणि ६४ मावत असलीं तर अवघा १.३. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे २५६ मापांच्या गाडग्याचा विलंब हा ६ फुटांवर बसलेल्या तबलजीचा ठेका कानीं पडण्यास लागणाऱ्या विलंबाइतका आहे. आणि १,०२४ मापांचा, तबलजीला २४ फूट दूर बसविल्याइतका. शिवाय ध्वनि संगणकांत शिरतांना एकदां आणि बाहेर पडतांना पुन्हां गाडग्यांत थांबतो. त्यामुळें एकूण विलंब याच्या दुपटीच्या घरांत जातो. हेडफोनमधून आपलाच आवाज इतक्या उशिरां ऐकणारा गायक लयींत डळमळूं लागतो. उलट, विलंब कमी करण्याच्या लोभानें गाडगें फार लहान केलें, तर मुद्रणांत ‘कट् कट्’ येऊन सगळी मेहनत फुकट जाते.

पुस्तक एवढेंच सांगतें कीं, आपल्या यंत्राला योग्य असा अंक निवडावा. योग्य म्हणजे कोणता, हें कानानेंच ठरवावें लागतें, आणि येथें चित्रफीत उपयोगी पडते. शिकविणारा संगणकाचा पडदा दाखवितो, अंक ६४ वर आणतो, आणि तंबोऱ्याच्या सुरांत ते कुरकुरणारे तुटक आवाज ऐकवितो. पडद्यावर एक्सरनची संख्या वाढतांना दिसते. मग तो अंक १२८ करतो, २५६ करतो, आणि सूर स्वच्छ होतो. पाहणाऱ्याच्या कानाला दोषाची ओळख पटते. पुढें स्वतःच्या यंत्रावर तोच आवाज आला, तर तो मायक्रोफोनला किंवा तारेला दोष देत बसत नाहीं.

अशा फितींचा सर्वांत मोठा गुण कोणता म्हणाल, तर चूक झांकून न ठेवणें. दुकानी जाहिरातींत सर्व कांहीं पहिल्याच झटक्यास चालतें. हौशी माणसाच्या खोलींत तसें होत नाहीं. आवाज येत नाहीं असें दिसलें म्हणजे तो कॅमेरा बंद न करतां शोध सुरू करतो. प्रथम तार नीट बसली आहे कीं नाहीं. मग मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असेल तर त्याला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा चालू आहे कीं नाहीं. मग संगणकानें दोन ध्वनियंत्रांपैकीं भलतेंच तर निवडलें नाहीं ना. मग मापांची गति सर्वत्र एकच आहे कीं नाहीं. हा शोधाचा क्रम म्हणजेच त्या विद्येचा गाभा. यशाची कृति कोठेंहि छापलेली मिळते. अपयशांतून वाट काढण्याची कृति पाहण्यास मात्र अनुभवी माणसाच्या शेजारींच बसावें लागे. ज्या फितींतून चुका कातरून काढलेल्या असतात, ती पाहण्यास सुबक असते, पण तिच्यांतला सर्वांत मोलाचा भाग कातरणाबरोबर गेलेला असतो.

या साधनाचे दोषहि लक्षांत ठेवले पाहिजेत. पहिला दोष असा कीं, चित्रफीत जुनी झाली तरी जुनी दिसत नाहीं. लिनक्सवरील ध्वनीचाच इतिहास पाहा. निरनिराळ्या आज्ञावलींतील ध्वनि अत्यल्प विलंबानें एकमेकींकडे नेण्यासाठीं पॉल डेव्हिस यानें ‘जॅक’ ही योजना रचली. ‘आर्डोर’ ही ध्वनिमुद्रणाची प्रसिद्ध आज्ञावलीहि त्यानेंच सुरू केली. रोजच्या वापराचा ध्वनि मात्र ‘पल्सऑडिओ’ ही दुसरीच योजना सांभाळी, आणि मुद्रणासाठीं एकीला बाजूस सारून दुसरीला जागा करून द्यावी लागे. पुढें विम टेमन्स यानें सुरू केलेली ‘पाइपवायर’ ही योजना आली. ती दोघींचेंहि काम एकटी करते. २०२१ सालीं ‘फेडोरा’ या लिनक्सच्या प्रसिद्ध वितरणानें ध्वनीसाठीं तिचा मूळचाच स्वीकार केला, आणि मागोमाग इतरांनींहि केला. बैल थबकूं नये म्हणून लिनक्सच्या गाभ्याला अचूक वेळेचें बंधन घालणारी सुधारणा पुष्कळ वर्षें वेगळी जतन केली जात होती. तीहि २०२४ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य प्रवाहांत सामील झाली. आतां २०१५ सालची एखादी उत्तम फीत पाहून कोणी त्याप्रमाणें आजच्या संगणकावर फेरफार करूं गेला, तर चालू असलेलें यंत्र तो बंद पाडील. फितींतील माणूस खोटें बोलत नाहीं. त्याचें खरें जुनें झालेलें असतें. म्हणून पाहणाऱ्यानें प्रथम फितीचा दिनांक पाहावा, आणि दाखविणाऱ्यानें दिनांक व आवृत्ति तोंडानें सांगावी.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. गुरु शेजारीं असला तर चुकणारा हात धरतो. चित्रफीत हात धरीत नाहीं. हिंदुस्थानांत घरगुती वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची. अमेरिकेंत ती १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची. तिकडच्या फितींतला ट्रान्सफॉर्मर जसाच्या तसा येथें जोडला, तर तो जळतो आणि प्रसंगीं आगहि लागते. जुन्या व्हाल्वच्या रेडिओंत तर खटका बंद करून तार काढल्यावरहि कपॅसिटरमध्यें शेंकडों व्होल्टचा भार कांहीं काळ टिकून राहतो. नवशिक्यानें सेलवर चालणाऱ्या उपकरणांपासून आरंभ करावा आणि घरच्या विजेशीं संबंध येणारें काम जाणत्या माणसाच्या समक्षच करावें, हा नियम मुलांच्या बाबतींत तरी कडक पाळला पाहिजे.

येथेंच आपल्या भाषेंतील फितींची गरज कळून येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत कोणता भाग मिळतो, न मिळाल्यास त्याऐवजीं कोणता चालतो, आपल्या विजेला कोणता फेरफार करावा लागतो, हें परदेशांतील हौशी माणूस सांगूं शकत नाहीं. या दिशेनें महाराष्ट्रांत झालेलें काम लहान नाहीं. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेंतील विज्ञानकेंद्रांत अरविंद गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं टाकाऊ वस्तूंपासून खेळणीं करण्याच्या असंख्य छोट्या फिती बनविल्या. त्यांतील पुष्कळ मराठींतहि आहेत, आणि सेल, चुंबक व तांब्याची तार यांपासून फिरणारी साधी मोटार त्यांत आहे.

पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनीं चालविलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम तर पद्धतीच्या दृष्टीनेंहि अभ्यसनीय आहे. त्यांत लिनक्स, ध्वनिसंस्काराची ‘ऑडॅसिटी’ ही आज्ञावली, ‘आर्डुइनो’ हें छोटें नियंत्रणयंत्र इत्यादि विषयांवर सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ आहेत. प्रत्येक पाठाचा मजकूर आधीं लिहून काढतात, आणि तो विषय मुळींच न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. कारण कोणती पायरी गाळली गेली, हें तज्ज्ञाला दिसत नाहीं, नवख्याला दिसतें. पडद्यावरील चित्र तेंच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलें जातें. आणि विद्यार्थ्यानें फीत एका बाजूस व स्वतःचें काम दुसऱ्या बाजूस ठेवावें, एक पायरी पाहावी, फीत थांबवावी, तीच पायरी स्वतः करावी, अशी त्या पाठांची रचनाच आहे.

वडील माणसांच्या प्रश्नाचें उत्तर या शेवटच्या सूचनेंत सांपडतें. मूल चित्रफीत पाहतें तें अभ्यास म्हणून कीं करमणूक म्हणून, हें ओळखण्याची खूण फितीच्या विषयांत नाहीं. फीत किती वेळां थांबली यांत आहे. जी आरंभापासून शेवटपर्यंत अखंड पाहिली गेली, ती विषयानें कितीहि विद्वत्तेची असली तरी करमणूकच झाली. जी दहा वेळां थांबली, दोनदां मागें गेली, आणि जिच्या शेजारीं अर्धवट जुळविलेल्या तारा पडलेल्या आहेत, तो पाठ झाला. पाहण्यानें काम समजल्यासारखें वाटतें, आणि हा भास फार गोड असतो. काम आलें कीं नाहीं, तें फीत बंद केल्यावर ज्याचें त्याला कळतें. यास्तव चित्रफितींवर सरसकट रागावण्यापेक्षां घरांत एक लहानसें मेज, एक ब्रेडबोर्ड, कांहीं सेल आणि दिवे यांची सोय करून द्यावी.

देणाऱ्याच्या बाजूनेंहि थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या शहरांत रेडिओ दुरुस्त करण्यांत, ध्वनिवर्धक बांधण्यांत, नाट्यगृहाची ध्वनियोजना सांभाळण्यांत आयुष्य घालविलेली माणसें आहेत. आपल्याला येतें तें क्षुल्लक आहे, तें कोण पाहणार, असें त्यांतील पुष्कळांना वाटतें. पाहणारे थोडे असतील हें खरें. आंतरजालाच्या बाजारांत भडक चित्राला आणि चमत्कारिक मथळ्याला गिऱ्हाईक अधिक. परंतु विशिष्ट दोषापाशीं अडलेल्या एका माणसाला नेमकी तीच फीत सांपडली, तर तिचें काम झालें. साधनें महाग नाहींत. पडदा मुद्रित करण्यास ‘ओबीएस’, फीत कातरण्यास ‘केडेनलाइव्ह’, ध्वनि शुद्ध करण्यास ‘ऑडॅसिटी’ या आज्ञावली लिनक्सवर विनामूल्य मिळतात. कॅमेरा तर बहुतेकांच्या खिशांतच असतो. चित्र थोडें अंधुक असलें तरी चालतें, आवाज मात्र स्पष्ट पाहिजे. एका फितींत एकच विषय घ्यावा. लागणाऱ्या भागांची यादी व आराखडा लिहूनहि द्यावा, कारण फितींतून तीं शोधून काढणें कष्टाचें असतें. आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ सारखा परवाना लावून इतरांना तिचें भाषांतर करण्याची मोकळीक द्यावी.

व्हाल्वचा रेडिओ हातानें जुळविणारी पिढी आतां विरळ होत चालली आहे. कोणत्या घरघरीवरून कोणता कपॅसिटर गेला हें तिला ऐकून कळे; तें ज्ञान बहुतांशीं कोठेंहि लिहिलेलें नाहीं, आणि लिहून तें पुरतें उतरणारहि नाहीं. ती घरघर ऐकवून तिच्या कारणावर बोट ठेवणारी दहा मिनिटांची फीत आज कोणालाहि करतां येते. ती करण्यास लागणारा माणूस मात्र हयात असला पाहिजे, आणि त्याच्यापुढें कॅमेरा धरण्यास घरांतील एखाद्या मुलाला सवड झाली पाहिजे.